हुंकारा देणारी

१२ जानेवारी, रविवार. दौंड.

सायली आली होती. पाटसची पोर, माझ्या शाळेतली. पुण्यात गाणं शिकली आणि आता स्वतःचा संच घेऊन गावोगाव फिरते. म्हणाली, "सर, मला निवेदक नकोय, वक्ता हवाय." या एका वाक्याने मी विरघळलो. हे फक्त इथेच लिहितो.

पंधरा फेब्रुवारीला शिरूरच्या सभागृहात ती मध्ययुगीन संगीताची मैफल करते आहे. तिचं म्हणणं असं की त्या काळी साहित्य वाचलं जात नव्हतं, ऐकलं जात होतं. एक जण गोष्ट सांगायचा आणि गोष्टीतूनच गाणं फुटायचं. म्हणून मैफलही गोष्टींचीच. पहिल्या भागात तिची मंडळी एकतारी, चिपळ्या, पखवाज घेऊन ओवीतली जुनी आख्यानं गाणार. दुसरा भाग इनामगावच्या सारजाबाईंचा. त्यांना 'राणीची कथा' पाठ आहे, आईकडून लेकीकडे आलेली. चाल सहासातशे वर्षांमागची असावी असं सायलीच्या गुरुजींना वाटतं.

मग ती सहज म्हणाली, "सर, त्यांचं घर बौद्ध झालं तेव्हा त्यांच्या वडिलांनी देवाची सगळी गाणी बंद केली. एवढी कथा तेवढी राहिली. कारण तिच्यात देव नाही."

मी खुर्चीतून उठलोच. आयुष्यभर चौदा एप्रिलच्या व्यासपीठांवरून मी एकच सांगत आलो: ज्यांचे आवाज दाबले गेले त्यांना बोलू द्या. आणि इथे पंचवीस-तीस किलोमीटरवर एक बाई देव नसलेली कथा सांभाळून बसली आहे, आणि मला पत्ता नाही.

संध्याकाळी अनिताला निवेदनाचा मसुदा वाचून दाखवला. ती मेथी निवडत "हूं, हूं" करत होती. लग्न झाल्यापासून हेच. ऐकते की नाही, कळायला मार्ग नाही.

१९ जानेवारी, रविवार.

इनामगावला जाऊन आलो. उसाच्या ट्रॅक्टरांमागे जीप रांगत होती, त्यामुळे पोचायला दुपार झाली. घर घोड नदीच्या अंगाला, वस्तीच्या टोकाला. सारजाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पण पाठ ताठ.

"जयभीम, मास्तर. तुमचं भाषान ऐकलंय मी न्हावऱ्याला. लई वरडता."

"लोक झोपलेत, आक्का. ओरडावं लागतं."

"झोपल्यालं माणूस वरडून उठत न्हाई. पाय हालवावा लागतो."

सायली हसून लोळायची बाकी राहिली.

धाकटी बहीण नकुशी त्यांच्याबरोबर राहते. नवऱ्यानं टाकल्यावर परत आली ती इथेच. बुटकी, दातांना सदा मिश्री, बोलणं नावालाच. कथा सुरू झाली तेव्हा ती सारजाबाईंच्या उजव्या हाताला खांबाला टेकून बसली. मी टिपून घेतलेली पहिली ओवी:

नदीच्या पल्याड बाई, रान काळोखाचं थोर
राणी सांगते दिव्याला, तिच्या जिवाचा गं घोर

राजानं खोट्या आळावरून राणीला नदीपार सोडली आहे. बरोबर एक दिवा. तिचं ऐकून घेणारं कुणी नाही, म्हणून ती दिव्याला सगळं सांगते. सांगत राहील तोवर दिवा जळतो. सारजाबाईंचा आवाज म्हातारा, पण प्रत्येक ओवीचं शेवटचं अक्षर पायरीवर पाय ठेवावा तसं ठेवतात. मग थांबतात. मग नकुशी म्हणते, "हूं." मग पुढची ओवी.

मधेच चुलीवरचं दूध उतू जायला आलं म्हणून नकुशी आत गेली. सारजाबाई ओवीच्या टोकावर थांबल्या आणि मला शेळीचे भाव विचारू लागल्या. नकुशी येऊन टेकली, "हूं" म्हणाली, तशी कथा पुन्हा चालू.

मी म्हटलं, "तेवढ्यापुरता मी दिला असता हुंकारा."

दोघीही हसल्या. नकुशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुमी कशाला? तुमाला बोलायचं आसतं."

शेवट विचारला तर सारजाबाईंनी मान हलवली. "सगळी कथा गायल्याबिगर शेवट काढत न्हाईत. आज नुसती वानगी दावली, कथा मांडली न्हाई. त्या दिशी ऐका. आन् एक ध्यानात ठिवा, मास्तर. हुंकारा न्हाई तिथं कथा सांगू न्हाई, आन् आर्धी कथा ठिवून उठू न्हाई. आमच्या आईनं घातलेली आन हाय."

परतताना सायली म्हणाली, "सर, नकुशीबाईंनाही माइक लावू या." मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार.

शिरूरला तालीम. सायलीचा संच चांगला आहे. पखवाजवाला थोडा धसमुसळा.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला काळजी वाटते. नकुशीबाईंचा "हूं" माइकमधून असा घुमतो की जणू घशात काही अडकलं आहे. मागे बसलेली संचातली पोरं हसत होती. साउंडवाला शंभू म्हणाला, "सर, म्हशीला रेडिओवर घेतल्यासारखं वाटतंय." मी त्याला दटावलं. पण सभागृहातले लोकही हसणार. आपल्या बायका व्यासपीठावर हसण्यावारी नेल्या जाव्यात, हे मला सहन होणार नाही.

आणखी एक. माझं निवेदन चालू असताना त्या गप्प होत्या. बहिणीच्या प्रत्येक ओवीला हुंकारा, मला एकदाही नाही. मी राणीच्या मुक्या दुःखावर बोललो, पोरं स्तब्ध झाली, सायलीचे डोळे भरले, आणि या बाई नखातली माती काढत बसल्या. माझं काही म्हणणं नाही. फक्त नोंद.

सायलीला म्हटलं, ओव्यांच्या मधल्या जागा मी भरतो. तिला पटलं नाही. "त्या जागा रिकाम्या नाहीत, सर," म्हणाली. वय लहान आहे तिचं.

९ फेब्रुवारी, रविवार.

आज एकटाच इनामगावला गेलो. काय केलं ते जसंच्या तसं लिहितो.

सारजाबाई नदीकडे गेल्या होत्या, घरी नकुशीबाई एकट्या. चहा झाला. मी म्हटलं, "बाई, आक्कांच्या मनात एक आहे. स्टेजवर एकटीनं बसावं असं त्यांना वाटतं. तुम्हाला तोंडावर सांगायला जड जातंय. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे."

त्यांचं मिश्री लावणारं बोट थांबलं.

"आक्का म्हनली आसं?"

"तुम्ही विषय काढू नका. त्यांना वाईट वाटेल."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग "बरं" म्हणाल्या आणि माझी कपबशी विसळायला घेतली.

नदीवर सारजाबाई मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांना म्हटलं, "आक्का, नकुशीबाईंना स्टेजची लाज वाटते. मला म्हणाल्या, आक्काला कसं सांगू. तुम्ही आग्रह करू नका, विषयही काढू नका, रडतील."

"मला का न्हाई म्हनली?"

"तुमचा धाक आहे."

"तिला माझा धाक?" त्या मिरच्यांवरून हात फिरवत राहिल्या. "आन् मग कथा कशी जायाची, मास्तर?"

"मी आहे ना. ओवी झाली की मी दोन वाक्यं बोलेन, मग तुम्ही पुढं."

काही बोलल्या नाहीत. मी ते होकार धरून चाललो.

परत येताना मनात म्हणत होतो, हे खोटं नव्हे, व्यवस्था आहे. सभेत प्रत्येक माणसाला त्याला पटेल ते वाक्य द्यावं लागतं, मी तेच केलं. पण दौंड येईपर्यंत त्या विसळलेल्या कपबशीचा आवाज कानातून गेला नाही. अनितानं विचारलं, "जेवणार का?" भूक नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार.

काल मैफल झाली.

सभागृह भरलं होतं. तळेगाव ढमढेऱ्याहून, न्हावऱ्याहून जीप भरभरून माणसं आली होती. आयोजक मंडळाचे अध्यक्ष हौसराव पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी नकुशीबाई. नवं हिरवं लुगडं, हातात कुणीतरी दिलेला गुच्छ, तो कसा धरावा ते कळत नव्हतं. पहिला भाग रंगला. माझ्या निवेदनाला चार वेळा टाळ्या पडल्या.

मग सारजाबाई. पहिली ओवी झाली, त्या थांबल्या. उजवीकडे वळून बघितलं. तिथे मी उभा होतो. मी दोन वाक्यं बोललो, लोकांनी वाहवा केली. दुसरी ओवी. पुन्हा थांबल्या, पुन्हा उजवीकडे बघितलं. मी बोललो. पाचव्या की सहाव्या ओवीनंतर त्यांनी समोर, खुर्चीवरच्या बहिणीकडे बघितलं. नकुशीबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात धरला होता आणि मान खाली घातली होती. हुंकारा चुकून बाहेर पडू नये म्हणून तोंड दाबून धरलं होतं, हे मला तेव्हाच दिसलं. काल दिसलं आणि मी पुढचं वाक्य बोललो.

सारजाबाईंनी ओवी उचलली, अर्ध्यात सोडली. मग उचललीच नाही. मांडीवर हात ठेवून बसल्या. लोक खोकले. मागून कुणीतरी, "आज्जे, इसरली का?" सायली पडद्याआडून माझ्याकडे हात करत होती. ती म्हणते, मी पडदा पाडायची खूण करत होते. मला वाटलं, सांभाळा म्हणते आहे.

अर्धी कथा ठेवून उठू नये. मी माइक घेतला आणि कथा पूर्ण केली.

शेवट मला माहीत नव्हता. तो तिथेच सुचला. राणी दिवा हातात घेते, नदी ओलांडते आणि तो दिवा राजवाड्याच्या पडद्याला लावते. "ज्या दिव्यानं तिचं ऐकलं, तोच दिवा आता बोलेल," मी म्हणालो, आणि सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. एवढ्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या, आणि त्या मिळत असताना मला फार बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवतो.

सारजाबाई उठल्या. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "कथा तुमी पुरी केली. आता तुमचीच ती."

जीपमध्ये एक बहीण पुढे बसली, एक मागे.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

माझ्या शेवटाचा व्हिडिओ तालुकाभर फिरतो आहे. हौसरावांचा फोन: "मास्तर, पेटवलात की राजवाडा. आमच्या कारखान्याच्या सभेत पन येऊन पेटवा कायतरी." लोक रस्त्यात थांबवून हात मिळवतात. सायलीचा मात्र फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

सारजाबाईंचा घसा बसला होता, वय झालं, इतकी गर्दी पाहिली नव्हती. विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. सांगून सांगून आता ते माझ्या तोंडात आपोआप येतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

मराठी भाषा दिनानिमित्त महाविद्यालयात व्याख्यान. विषय मी दिला होता एक, पोरांनी मागितली राणीची कथा. "सर, राजवाडा, राजवाडा." मी सांगितली. दिवा पडद्याला लावला तेव्हा पोरं ओरडली.

त्या आरड्याओरड्यात मला एकाएकी वाटलं, चोरी पकडली जाते आहे. कुणी पकडत नव्हतं, हेच वाईट. एक मुलगी वहीत लिहून घेत होती. तिनं विचारलं, "सर, हा मूळ शेवट आहे ना?" मी म्हणालो, "लोककथेला मूळ नसतं, बाळा. ती ज्याच्या तोंडी येते त्याची." हे वाक्य मी पुष्कळ पुस्तकं वाचून कमावलेलं आहे आणि ते खरंही आहे. ते बोलून मी तिच्या वहीकडे न बघता पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

२ मार्च, रविवार.

सायलीचा फोन आला. ती इनामगावला माफी मागायला गेली होती. म्हणाली, "दोघी बोलत नाहीत, सर."

"कोण दोघी?"

"एका घरात राहतात, एका चुलीवर खातात, पण बोलत नाहीत. सारजाबाई म्हणतात, हिला माझी लाज वाटली. नकुशीबाई म्हणतात, हिला मी नको झाले. दोघींना विचारलं, तुम्हाला असं कुणी सांगितलं? दोघी गप्प. तुमचं नाव घेतलं नाही त्यांनी." मग म्हणाली, "मला विचारायचंय तुम्हाला काही, पण मी विचारत नाही. तुम्हीच ठरवा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तिनं कथेचा शेवट सांगितला. सारजाबाईंनी गायला नाही म्हणे, नुसता बोलून दाखवला. दिव्यातलं तेल संपतं. दिवा विझतो. राणी अर्ध्या वाक्यावर गप्प होते. आणि अंधारातून कुणीतरी "हूं" म्हणतं. संपली.

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, ते कुणाला ठावं."

रंगमंचाच्या दृष्टीनं हा शेवट कमजोर आहे. त्यावर टाळी येणार नाही. माझा शेवट जास्त परिणामकारक आहे हे मी आजही म्हणेन. हे दुपारी लिहिलं. संध्याकाळी पुन्हा वही उघडली, वर काय लिहिलं ते वाचलं, आणि खोडावंसं वाटलं. खोडत नाही. असू दे.

५ मार्च, बुधवार.

एका सत्काराला उत्तर द्यायचं आहे. भाषण लिहून अनिताला वाचून दाखवत होतो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की ती काहीच म्हणत नाही. वर बघितलं तर माझ्याकडेच बघत होती.

"ऐकतेस ना?"

"ऐकते की."

पण "हूं" नाही. मी पुढे वाचू लागलो तर वाक्य जागेवर पडेना. पायाखाली पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. दोन परिच्छेदांनंतर कागद ठेवून दिला. ती म्हणाली, "शिरूरला मी पण होते मागं बसलेली. त्या बाईंनी पदर तोंडात धरला होता ना, मी बघितलं." एवढंच बोलून आत गेली.

ती त्या दिवशी आली होती हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

सत्काराला नाही म्हणून कळवलं. कारण प्रकृतीचं दिलं. आणखी एक खोटं.

९ मार्च, रविवार.

इनामगावला जाऊन आलो.

सकाळी दाढी करताना आरशापुढे वाक्यं जुळवली होती. सुरुवात कशी करायची, कुठे आवाज उतरवायचा, कुठे थांबायचं. माफीचंही भाषण तयार केलं होतं, सवयीनं.

दुपारी पोचलो. सारजाबाई ओट्यावर, नकुशीबाई आत चुलीपाशी. मधे उघडं दार. सारजाबाईंनी पाणी दिलं. "बसा, मास्तर. कशी हाय तुमची राणी? लई गावं फिरती म्हणं."

"आक्का, नकुशीबाईंनाही बाहेर बोलवा. दोघींना सांगायचंय."

"मी न्हाई बोलवायची. तुमीच बोलवा. तुमी समद्यांला बोलवता."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. बाहेर कुणी आलं नाही. म्हणून मी दाराच्या चौकटीपाशी बसलो, दोघींना ऐकू जाईल असा.

आणि बोलायला लागलो. पहिलं वाक्य पाठ होतं, ते आलं: माणसाच्या हातून चुका होतात. सारजाबाई शेंगा फोडत होत्या. मी थांबलो, जिथे थांबायचं ठरवलं होतं तिथे. काही आलं नाही. आतून काही नाही, बाहेरून काही नाही. शेंगेचं टरफल तेवढं मोडत होतं. दुसरं वाक्य बोललो. पुन्हा तसंच. माझी वाक्यं तोंडातून निघून समोरच्या मातीत पडत होती आणि मला ती पडलेली दिसत होती. मग भाषण विसरलो.

"आक्का, नकुशीबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटली नव्हती. ते मी सांगितलं." शेंगा थांबल्या. "आणि बाई, आक्कांनी तुम्हाला नको म्हटलं नव्हतं. तेही मीच. दोघींना विषय काढू नका म्हणालो, म्हणजे तुम्ही एकमेकींना विचारू नये म्हणून."

सारजाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "का?"

पोरं हसली, शंभू हसला, आपल्या बायकांची थट्टा नको, असं सगळं जिभेवर आलं. ते खोटं नव्हतं. पण ते कारण नव्हतं.

"बाईंनी मला हुंकारा दिला नाही," मी म्हणालो. "तालमीत. तुम्हाला देत होत्या, मला देत नव्हत्या."

हे मोठ्यानं बोललो तेव्हा किती लहान आहे ते मला ऐकू आलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एवढी पुस्तकं, एवढी व्यासपीठं. मला आणखी सांगायचं होतं: तो पदराचा बोळा दिसूनही मी पुढचं वाक्य बोललो ते, टाळ्यांत बरं वाटलं ते, महाविद्यालयातल्या त्या मुलीपासून शेवट माझा आहे हे लपवलं ते. पण तोंड उघडेना. कुणी काही म्हणत नव्हतं आणि मला पुढे जाता येत नव्हतं. मी उठलो, चपला शोधू लागलो.

"मास्तर," सारजाबाई म्हणाल्या. आवाजात राग होता, तो त्यांनी लपवला नाही. "आर्धी कथा ठिवून उठू न्हाई. बसा. सांगा फुडं."

मी बसलो. कुठून सुरू करावं ते सुचेना. समोर नदीवर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं. शेंगा तशाच पडून होत्या.

मग आतून, चुलीच्या अंधारातून, आवाज आला.

"हूं."

सारजाबाईंनी दाराकडे मान वळवली. मी पुढचं सांगायला लागलो.